आसरांची आंघोळ

"अहो! देवीचे दात घासताय की काय?"

सुवर्णाच्या डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी होती, म्हणून तिला कमरेवर हात ठेवता आले नाहीत. नाहीतर ती ठेवणार होतीच. डोहाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता. पँट दुमडलेली, थंडीने ओठ काळेनिळे पडलेले, आणि हातात चक्क दात घासायचा ब्रश. त्या ब्रशने तो एका दगडाचं तोंड मोठ्या मायेनं घासत होता. बरं, दगड तरी साधा असावा? साक्षात आसरा होती ती. पाण्यातल्या सात देवींमधली तिसरी!

तो दचकला, त्याचा पाय शेवाळावरून सटकला आणि स्वारी मटकन पाण्यात बसली. ब्रश मात्र त्याने वर धरून ठेवला होता.

"देवी? कुठंय देवी?"

"तुमच्या समोर. आणि आता तुम्ही तिच्या पाया पडल्यासारखेच बसलाय, तर पडूनच घ्या."

तो खरंच पडला हो! दोन्ही हात जोडले, मधे ब्रश. सुवर्णाला हसू आवरेना. हसता हसता पाटी कलली, दोन जुड्या डोहात पडल्या आणि त्या काढायला पुन्हा त्यालाच वाकावं लागलं.

त्याचीही चूक म्हणता येणार नाही. दिवाळी नुकती झाली होती, आणि पावसाळ्यात आसरांचा शेंदूर पार धुऊन गेला होता. अंगावर ना बांगडी, ना खण. काठाशी अर्ध्या पाण्यात बसलेले सात दगड, एवढंच दिसायचं. त्याला त्या दगडांमध्ये देव नव्हता हवा, शेवाळ हवं होतं. नाव भारत. सिन्नरकडचा, शेतकऱ्याघरचा, पुण्यात शेवाळावर पीएच.डी. करणारा.

"शेवाळावर?" सुवर्णा म्हणाली. "आमच्याकडे त्यावर लोक घसरतात फक्त."

"मी पण तेच करतोय सध्या," कपडे पिळत तो म्हणाला.

२००८ साल होतं ते. इंदिरानगरच्या पुढे तेव्हा अजून मळे होते. सुवर्णाचे वडील पुंजाराम भाजी पिकवायचे, झेंडू लावायचे, आणि सगळं त्या ओढ्याच्या जिवावर. पण वरच्या अंगाला नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि शहरातले ओढे एकामागून एक गटारं होत चालले होते. मग वर कुठंतरी ठरलं, की सगळ्या ओढ्यांची तपासणी करायची. जिवंत असतील ते उघडे ठेवायचे. मेलेले असतील त्यांच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकायचा, वरून रस्ता. कोणता जिवंत आणि कोणता मेलेला, हे ज्या पथकानं सांगायचं त्यात भारत होता.

"पण मग हेच दगड कशाला? ओढाभर पडलेत की!"

"बाकीच्यांवर बायका धुणं आपटतात, म्हशी लोळवतात. आज इथे, उद्या तिथे. हे सातच असे आहेत, की त्यांना वर्षानुवर्षं कुणी हलवलेलं नाही. यांच्यावरचं शेवाळ खरं बोलेल." तो थांबला. "पण देवी आहेत म्हटल्यावर... विचारायला हवं कुणाला तरी."

विचारायचं ते सुवर्णाच्या आईला, भागुबाईला. भागुबाई खुरपं हातात घेऊन काठावर आली, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि डोहाकडे बोट केलं.

"पाणी जित्तं हाय का मेलेलं, ह्ये तू सांगशील?"

"हो, काकू."

"मंग घास. पन वरवर. उचलायचं नाय, उलथायचं नाय. माझी लेकरासारखी हायेत ती."

सुवर्णा मात्र दोन पावलं मागे सरकली. कारण तो डोह साधा नव्हता. तिचा धाकटा भाऊ अमोल याच पाण्यात गेला होता. ती तेव्हा शाळेत होती. शेजारपाजारचे म्हणाले, आसरांनी नेला. तोवर तिथे एकही दगड नव्हता. वर्षश्राद्ध झाल्यावर भागुबाईनं ओढ्यातून सात दगड निवडले, स्वतःच्या हातानं काठाशी बसवले आणि शेंदूर लावला. तेव्हापासून दर अमावस्येला दहीभात. सुवर्णाने पुढे बी.ए. केलं, चार पुस्तकं वाचली, पण त्या डोहापाशी आलं की तिची सगळी बी.ए. गळून पडायची. आसरांची खोडी काढली की त्या तरण्या पोरांना ओढतात, हे तिच्या मनात खोल रुतून बसलं होतं.

आणि हा तर त्यांना ब्रशने घासत होता!

भारत दर महिन्याला येऊ लागला. सकाळचं धुकं असायचं, झेंडूचा उग्र वास, आणि वरच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलची फटफट. ती ऐकू आली की सुवर्णाला नेमकी त्याच वेळी भाजी धुवायची आठवण व्हायची. आता दर वेळी नेमकी तेव्हाच आठवण कशी व्हायची, ते विचारू नका.

"आज किती ब्रश, सर?" ती विचारायची.

"प्रत्येक ओढ्याला नवा. जुना वापरला की एकीकडचं शेवाळ दुसरीकडे जातं, मग सगळा घोटाळा."

"दुकानदार काय समजत असेल हो? केवढं हे कुटुंब!"

"विचारलं त्याने परवा. म्हणालो, अजून एकटाच आहे." असं म्हणून तो बाटलीचं झाकण लावत राहिला, आणि सुवर्णा एकच जुडी पुन्हा पुन्हा धूत राहिली.

त्याने तिला एकदा भिंग दिलं, एकदा फोटो दाखवले. ओला, तपकिरी थर. आणि मायक्रोस्कोपखाली त्यात काचेच्या होड्याच होड्या, प्रत्येक होडी म्हणजे शेवाळाचा एक जीव. स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या वेगळ्या, घाणीवर पोसणाऱ्या वेगळ्या. पाण्यात काय चाललंय त्याची सगळी चुगली त्या करायच्या. पण दिसायला एकमेकींसारख्या, भलेभले फसायचे. म्हणून मग डीएनए.

"म्हणजे रक्ताची तपासणी करतात तसं?"

"तसंच. ब्रशनं घासलेलं पुण्याला न्यायचं, त्यातला डीएनए काढायचा आणि वाचायचा. कोण कोण होतं ते कळतं. अगदी चिमूटभर असलं तरी. ते मरून गेलं असलं तरी काही काळ खूण राहते."

"मेलं तरी?"

"हो."

सुवर्णा डोहाकडे बघत राहिली. भारतला अमोलबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं काही विचारलं नाही. नुसता शेजारी बसून राहिला. शेवटी तिनंच अमोलचं सगळं सांगितलं, आणि ते सांगताना तिला रडू आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. त्या दिवशी तिला कळलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. आवडतो म्हणजे काय, जीव लागला होता तिचा. आणि ते कळलं तशी तिची झोप उडाली, कारण ज्याच्यात जीव अडकला तोच दर महिन्याला आसरांच्या अंगाला हात लावत होता.

मग तिनं तिच्या परीनं उपाय काढला.

ती झेंडू घेऊन गंगेवर विकायला जायची. नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं? गंगाच ती. येताना तिनं पाण्याचा एक कॅन भरून आणला. भारत दगड घासून गेला, की त्याची फटफट ऐकू येईनाशी होईपर्यंत ती थांबायची. मग तांब्या भरून सातही आसरांना आंघोळ घालायची. पोराचं अंग चोळावं तशी हातानं चोळायची. "चुकलं असेल तर पोटात घाला," म्हणायची. कॅन महिनाभर अंगणात राहायचा. तळाशी हिरवट थर धरायचा, पण गंगेचं पाणी ते गंगेचं पाणी! तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. भारतला तर नाहीच. विज्ञानाच्या माणसापुढे हसं कोण करून घेईल?

संक्रांत झाली. झेंडू संपून गुलछडी आली. आणि एका सकाळी भारत आला तो हातात ब्रश न घेताच.

"काय झालं?"

"निकाल आलाय." तो तिच्याकडे बघेना. "मायक्रोस्कोपखाली पाणी चांगलं दिसतं. मी स्वतः मोजलंय. पण डीएनएमध्ये घाणीतलं शेवाळ निघालं. एकदा नाही, सुरुवातीचा नमुना सोडला तर दर महिन्याला. शहराच्या पाण्यात सापडतं तसलं."

"मग?"

"आमचे सर म्हणतात, डोळे फसतात, डीएनए फसत नाही. अहवालात हा ओढा मेलेल्यांच्या यादीत जाईल."

मागे भागुबाई कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"म्हंजे... झाकनार?"

"काकू, मी..."

"झाका." ती खाली बसली. "वरून गाड्या जाऊ द्या. माझा अमोल हाय त्यात. त्याला अंधाराचं लय भ्या वाटायचं."

भारत मान खाली घालून वरच्या रस्त्याकडे निघाला. आणि सुवर्णाचं काय झालं म्हणून सांगू! शहराच्या पाण्यातलं शेवाळ, दर महिन्याला, आणि फक्त याच सात दगडांवर! तिला अंगणातला कॅन आठवला, त्याच्या तळचा हिरवा थर आठवला. डोह कुणी मारला होता? ओढ्यानं नाही, कॉलनीनं नाही. तिनं.

भारत मोटारसायकलपाशी पोचला तेव्हा ती धावत वर आली.

"थांबा! मी... तुम्ही गेल्यावर मी त्यांना आंघोळ घालत होते. गंगेच्या पाण्यानं."

"कुणाला?"

"आसरांना. दर वेळी. चोळून."

त्यानं किल्ली खिशात टाकली. "पण का?"

आता आली का पंचाईत! खोटं बोलावं तर डोह जातो, खरं बोलावं तर लाज जाते. सुवर्णानं डोळे मिटले.

"तुम्ही त्यांना ब्रश लावत होता... त्यांनी रागावून तुम्हाला काही करू नये म्हणून. हसा आता. बी.ए. झालेली मुलगी..."

तो हसला नाही. त्याचे कान लालेलाल झाले. मग म्हणाला, "माझ्यासाठी?"

"नाही, तुमच्या ब्रशसाठी!" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

तो कॅन त्यानं तसाच्या तसा पुण्याला नेला. त्याआधी सातही दगड कोऱ्या ब्रशनं स्वच्छ घासले. सरांना फोन करून एक शेवटचा नमुना घ्यायची परवानगी मिळवली. दगडांवर पुन्हा थर धरायला होळीपर्यंत वेळ लागणार होता. होळीच्या आदल्या दिवशी तो येणार, नवं शेवाळ घेणार, आणि कॅनमधलं शेवाळ त्यात सापडलं नाही तर डोह सुटणार.

"पण तोवर गंगेच्या पाण्याचा एक थेंब नको," तो म्हणाला. "वचन दे."

तो तिला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"आता ओळखतात त्या मला. इतके महिने दात घासतोय त्यांचे."

सुवर्णानं भागुबाईलाही सगळं सांगितलं आणि वचन दिलं. दिलं खरं, पण तिचा जीव टांगणीला लागला. आसरा बिनआंघोळीच्या बसल्या होत्या, आणि तो रोज मोटारसायकलवर कुठे कुठे फिरत होता.

होळीचा आदला दिवस उजाडला. भारत आला नाही. तिनं फोन लावला, तो बंद. होळीचा दिवस गेला, पोळ्या कुणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत. धुळवडीला पोरं रंगात न्हाली, तरी वरच्या रस्त्यावर ती फटफट काही वाजली नाही. संध्याकाळ होईतो सुवर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठली. देव्हाऱ्यात गंगेच्या पाण्याचा जुना, बंद गडू होता. तो फोडला, तांब्यात ओतला आणि डोहावर आली.

सात दगड मावळतीच्या उन्हात चमकत होते. त्यांच्यावर नवा, तपकिरी, मऊ थर धरला होता. तांब्या तिरका केला की तो गेला. मग डोह गेला, आईचा अमोल गेला. नाही केला आणि तिकडे भारतचं काही बरंवाईट झालं असलं तर? तिनं तांब्या पहिल्या आसरेवर धरला.

"सुवर्णे! नको वतू."

भागुबाई होती. तिनं येऊन लेकीचं मनगट धरलं.

"आई, त्यांना राग आलाय गं. तो आला नाही. अमोलला जसं..."

"कुनी सांगितलं तुला, आसरांनी नेला म्हनून?"

"सगळेच म्हणायचे."

"लोकं म्हनायची. मी कधी म्हनली का?" भागुबाईनं तांब्या काढून घेतला आणि काठावर ठेवला. "अगं, त्याला पवता येत नव्हतं. त्या वर्षी पानी लय होतं. येवढंच झालं."

"मग तू या बसवल्यास कशाला? दर अमावस्येला दहीभात..."

"त्याला सोबत म्हनून." भागुबाई काठावर टेकली. "येकटा राह्यला नव्हता तो कधी. मंग मी सात मावश्या बसवल्या त्याच्यापाशी. दहीभात त्याला आवडायचा, बाई. देवीला कुठं आवडतो?"

सुवर्णा आईच्या गळ्यात पडली. इतक्या वर्षांची भीती होती ती, तिला वाहून जायला थोडा वेळ लागला. दोघी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होत्या. तांब्या शेजारी भरलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या रस्त्यावर सिन्नरची जीप थांबली. फटफट नाही, जीप! तिच्यातून भारत उतरला. उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी, काखेत बाटल्यांची पिशवी.

"मोहदरी घाटात घसरलो," तो घाईघाईनं म्हणू लागला. "खडी पडली होती रस्त्यावर. फोनचा चुरा झाला, नंबर त्यातच होता, दवाखान्यातून सोडेनात... दगडांना हात लावला नाहीस ना?"

"दगडांचं काय विचारता?" सुवर्णा अशी कडाडली की शेजारच्या मळ्यातली माणसं उभी राहून बघायला लागली. "आधी पायानं चालून दाखवा! दुसरा हात हलवा! मेलेय मी इकडे काळजीनं, आणि दगडांना हात लावला नाहीस ना म्हणे!"

त्यानं निमूटपणे चालून दाखवलं. डावा हात हलवून दाखवला. मग म्हणाला, "पण उजव्या हाताशिवाय घासता येणार नाही."

सुवर्णानं पिशवीतून कोरा ब्रश काढला, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. तो सांगेल तसं, वरवर, हलक्या हातानं. पहिली आसरा, दुसरी, तिसरी. तिला भीती वाटली नाही. आईच्या मैत्रिणींचं तोंड धुवावं, तसं वाटलं.

काठावरून आवाज आला, "अहो! देवीचे दात घासताय की काय?"

तिनं ओंजळभर पाणी त्याच्यावर उडवलं. पट्टी भिजली, पण तक्रार कोण करतंय!

निकाल यायला चैत्र लागला. कॅनमधल्या शेवाळाची नावं आणि डोहात आधी सापडलेल्या त्या घाणेरड्या शेवाळाची नावं एकच निघाली. आणि होळीनंतरच्या नमुन्यात त्यातलं एकही नव्हतं. सरांनीही हात टेकले. ओढा जिवंत ठरला. स्लॅब आला तो दुसऱ्या ओढ्यांवर, आणि त्यांच्यासाठी भारत हळहळला. पुंजाराम एरवी कुणाशी दोन शब्द बोलायचे नाहीत. ते मळ्यात गेले आणि गुलछडीचा भलामोठा भारा आणून भारतच्या पायाशी ठेवला.

सुवर्णा मात्र डोहाशी जाऊन बसली होती. काम संपलं म्हणजे भारतचं येणंही संपलं. हे तिला दिसत होतं, आणि आनंदाच्या दिवशी रडायचं कसं ते कळत नव्हतं.

भारत खाली आला. प्लास्टर निघालं होतं. तो जरा अंतर ठेवून बसला.

"मला दर महिन्याला यावं लागेल," तो म्हणाला.

"आता कशाला? निकाल लागला ना?"

"शेवाळाचा लागला."

ती पाण्यात बोट फिरवू लागली.

"सुवर्णा, मी अगदी साधं विचारतो. मला वाकडंतिकडं बोलता येत नाही. घाटात पडलो तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? की आता ही त्या दगडांवर पाणी ओतेल, स्वतःचा डोह घालवेल, माझ्यापायी... इतकं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. आणि तू ओतलं नाहीस, त्याचंही मला तितकंच वाटतं. मला तुझ्याबरोबर राहायचंय. सिन्नरला, पुण्याला, जिथं म्हणशील तिथं."

"मी तर ओतणारच होते," ती हळूच म्हणाली. "आईनं हात धरला."

"मग काकूंनाच विचारतो."

"मला आधी विचारा की!"

"विचारलं की आत्ता."

तिनं पाण्याकडे बघत मान हलवली. हो म्हणून. मग त्यानं नीट पाहिलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा हलवली.

काठावर भागुबाई उभी होती. हातात तोच तांब्या, होळीपासून झाकून ठेवलेला.

"झाली का तपासनी समदी?"

"झाली, काकू."

"मंग आता घाला आंघोळ. दोघं मिळून."

तांब्या सुवर्णाच्या हातात आला. तिच्या हाताखाली भारतनं आपला नुकताच मोकळा झालेला हात धरला. गंगेचं पाणी सातही आसरांवरून ओघळलं, डोहात मिसळलं आणि ओढ्याबरोबर पुढे गेलं.

भागुबाई खाली उतरली, पाण्याच्या अगदी जवळ. पदराचं टोक भिजलं तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती डोहात वाकली, आणि घरातल्या पोराला हाक मारावी तशी म्हणाली, "अमोल, ए अमोल... दाजी आले बघ रं तुझे."